आगळ बाटलीत गेलं, उरलेलं पाणी कुठे गेलं?

मे महिन्यात आचऱ्यापासून देवगडपर्यंतच्या पट्ट्यात एकच घाई असते. कोकमाचे रातांबे फोडायचे, सोलं मिठात घोळून उन्हात टाकायची, त्यांच्या खारट रसाचं आगळ भरायचं, हापूसचा रस डब्यांत बंद करायचा, कैऱ्या खारात मुरवायच्या. पाऊस दारात येण्याआधी सगळं उरकायला हवं. या गडबडीत पिंपं धुतलेलं, फरशी धुतलेलं, खारातून निथळलेलं पाणी शेडमागच्या गटारात जातं. तिथून परसात, परसातून व्हाळात आणि शेवटी खाडीत. त्याविषयी विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात.

पहिलं उत्तर : ‘फळाचंच तर पाणी, त्यात केमिकल कुठलं?’

केमिकल नसतं हे खरं. पण पाण्याला विष लागतंच असं नाही, साखरही पुरते. फळातली साखर आणि आम्लं पाण्यात उतरली की जिवाणू त्यांवर तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवतात. ही भूक मोजण्याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. फळप्रक्रियेच्या दाट पाण्याचा सहज हजारांत जातो. याचं टोकाचं उदाहरण भूमध्य समुद्राकाठी आहे. स्पेन, इटली, ग्रीसमध्ये ऑलिव्हचं तेल काढल्यावर जे काळपट, आंबट पाणी उरतं त्याचा बीओडी लिटरला कित्येक दहा हजार मिलिग्रॅम भरतो. तेही निव्वळ फळाचंच पाणी. शिवाय त्यात पॉलिफेनॉल असतात, जे जिवाणूंनाच आवरून धरतात, म्हणून ते लवकर कुजतही नाही. खाण्याच्या ऑलिव्हचं पाणी वेगळं : त्यांचा कडूपणा काढायला कॉस्टिक सोडा वापरतात, मग ती मिठात मुरवतात. रातांब्याचं पाणी तेलाच्या घाण्याइतकं उग्र नसतं. पण आंबट, रंगीत आणि खारट या तिन्ही बाबतींत ते ऑलिव्हच्या जवळचं आहे.

‘खाडी खारीच आहे, तिला मिठाचं काय?’ हे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येतं आणि ते सर्वांत चुकीचं आहे.

समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आगळात किंवा कैरीच्या खारात ते पंधरा टक्के वा त्याहून अधिक, म्हणजे समुद्राच्या चौपट. हे जड पाणी तळाशी बसतं, जिथे कालवं आणि तिसऱ्या असतात. माशाला निदान पळता येतं. आणि मीठ बाजूला ठेवलं तरी प्राणवायूचा प्रश्न राहतोच. समजा, तीन हजार बीओडीचं एक हजार लिटर पाणी खाडीत सोडलं. त्याला कुजायला तीन किलो प्राणवायू हवा. तीस अंश तापमानाच्या मचूळ पाण्यात लिटरला जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे एका टाकीभर पाण्यामागे खाडीच्या साडेचार लाख लिटर पाण्याचा प्राणवायू खर्ची पडतो. हवेतून तो पुन्हा मिसळतो, पण हळूहळू.

‘भरती-ओहोटी सगळं धुऊन नेते’, हे त्याचंच जोडीदार उत्तर. आचऱ्याच्या खाडीच्या मुखाशी, पिरावाडीकडे, यात तथ्य आहे. आत कांदळवनाच्या बाजूला मात्र नाही. मे महिन्यात वरून गोडं पाणी जवळपास येत नाही, भांगाच्या भरतीला पाण्याची हालचाल मंद असते, आणि तेच पाणी पुढे-मागे झुलत राहतं. उधाणाचा हिशेब भांगाला लावून चालत नाही.

चुन्याची गोष्ट थोडी मजेची आहे. रातांब्याच्या लाल पाण्यात चुना टाकला की रंग बघता बघता जांभळट-निळसर होतो, मग फिका पडतो, आणि पाणी ‘साफ’ झाल्यासारखं वाटतं. रातांब्याचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि आम्लता बदलली की तो बदलतो. चुन्यामुळे आंबटपणा मारला गेला एवढंच ते सांगतं. साखर तशीच, मीठ तसंच. चुना हवाच, कारण आंबट पाण्यात पुढचे जिवाणू काम करत नाहीत. पण तो सुरुवातीचा टप्पा आहे. रंगावरून पाणी पारखणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

‘माडाला घालतो की, माडाला मीठ चालतं.’ यामागे अनुभव आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. माडाच्या आळ्यात मीठ टाकण्याची रीत कोकणात जुनी आहे आणि माड खारटपणा सोसतो. पण त्याच बागेतली पोफळ, केळ, मिरवेल तितकं सोसत नाही. आणि आळ्याखाली काय आहे ते पाहावं. जांभा भोकाभोकांचा, भेगांचा दगड. त्यातून पाणी गाळून नव्हे, सुसाट खाली जातं, आणि विरघळलेलं मीठ तर कुठल्याच मातीत गाळलं जात नाही. पुळणीलगतच्या विहिरींत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. त्यात वरून खार ओतणं म्हणजे दोन्हीकडून कोंडी. इटलीने ऑलिव्हचं पाणी शेतात घालायला परवानगी दिली ती १९९६ च्या ५७४ क्रमांकाच्या कायद्याने, आणि तीही मोजून : पारंपरिक घाण्याचं पाणी हेक्टरी वर्षाला ५० घनमीटर, आधुनिक घाण्याचं ८०. म्हणजे एका चौरस मीटरवर वर्षभरात पाच ते आठ लिटर. आपण एका माडाच्या बुंध्यात एका दुपारी बादल्या ओततो.

सेप्टिक टाकीचं उत्तर दोन वाक्यांत देता येईल. ती घरच्या सांडपाण्यासाठी असते; आंबट-खारट पाण्याचा लोंढा आला की तिच्यातले जिवाणू गारद होतात आणि पाणी आलं तसं शोषखड्ड्यात उतरतं. बाजारातल्या ‘कल्चर’च्या पुडीनेही मीठ जात नाही, कारण मीठ खाणारा जिवाणू नाही.

‘एवढ्याशा उद्योगाला कोण विचारतं?’ कायदा विचारतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ कारखान्यालाच नव्हे, कोणाही व्यक्तीला प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर प्रदूषक द्रव्य सोडायला मनाई करतं. सर्वसाधारण मानकांनुसार नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी ३० च्या आत, सिंचनासाठी जमिनीवर किंवा किनाऱ्याच्या पाण्यात सोडायचं असेल तर १०० च्या आत हवा. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेतही प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला बंदी आहे. संमतीपत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यायचं. मंडळाचा माणूस कधी येतो हा वेगळा प्रश्न.

आता करायचं काय? ‘कोटीचा प्लांट लागतो’ हाही गैरसमजच, आणि तो सोयीचा आहे, कारण त्याने काहीच न करायची मुभा मिळते. लहान उद्योगाचं अर्धं काम यंत्राशिवाय होतं. साली, बिया, कोयी जाळीवर अडवायच्या. त्या पाण्यात भिजू द्यायच्याच नाहीत. रातांब्याच्या बियांपासून मुठेल निघतं, त्या गटारात जाणं हा तोटाच. खार गाळून पुन्हा वापरायचा आणि जो उरेल तो पसरट, प्लास्टिक अंथरलेल्या वाफ्यात उन्हाने आटवायचा. एप्रिल-मेचं ऊन त्याला पुरतं. जूनचा पाऊस आला की वाफा वाहून जाईल, म्हणून हे काम मोसमाच्या शेवटावर टाकू नये.

मिठाविना उरलेलं धुवणाचं पाणी सोपं आहे. एका टाकीत साठवून दिवसभराचा चढ-उतार सपाट करायचा, चुन्याने आंबटपणा सातच्या आसपास आणायचा आणि शेणकाल्याने सुरू केलेल्या बायोगॅसच्या टाकीत सोडायचं. शेणाचा दुहेरी फायदा : जिवाणू मिळतात, आणि फळाच्या पाण्यात मुळात कमी असलेलं नत्र-स्फुरदही. सीओडी नावाचं बीओडीचं थोरलं माप घेतलं, तर एक किलो सीओडी कुजला की सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन निघतो, तो रस आटवायच्या चुलीला चालतो. या टाकीतला गाळ मोसम संपल्यावर महिनोन्‌महिने उपाशी राहूनही पुढच्या वर्षी जागा होतो, आणि कोकणातल्या दोन महिन्यांच्या हंगामी धंद्याला हे फार सोयीचं. हवा फुंकायच्या टाकीतले जिवाणू तेवढा उपास काढत नाहीत. बायोगॅसमधून निघालेलं पाणी थेट खाडीत सोडण्याइतकं स्वच्छ नसतं. ते हवेत खेळवून, कर्दळीच्या वाफ्यातून नेऊन, तपासून मगच माडाला घालावं.

हे सगळं एका गोष्टीवर अडतं. खार आणि धुवणाचं पाणी एकदा एका गटारात मिसळलं की मीठ काढायला आरओ किंवा आटवणं हेच उरतं, आणि एवढ्या सगळ्या पाण्यासाठी ते लहान उद्योगाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून नवी शेड बांधणाऱ्यांनी फरशी घालण्याआधीच गवंड्याला दोन वेगळ्या नाल्या काढायला सांगाव्यात.