कासव आलं घरा, पण ठेवायचं कुठं?

मुलांच्या हट्टापायी घरात येणारं कासव असतं जेमतेम बिस्किटाएवढं. हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा. दुकानदार सोबत प्लॅस्टिकचं भांडं देतो, त्यात एक खोटं माडाचं झाड. मग ते भांडं कधी टीव्हीवर, कधी फ्रिजवर, तर कधी चक्क ओट्यावर! मैत्रिणींनो, यांतली एकही जागा त्याची नव्हे.

मुळात हे कासव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं, नि मादी दहा इंचांपर्यंत वाढते. तेव्हा जागा आजच्या पिल्लाची नको, उद्याच्या कासवाची बघा. चार फूट लांब, दीड फूट रुंद काचेच्या टाकीत फूटभर पाणी भरलं, की ते सुमारे १७० लिटर होतं. म्हणजे १७० किलो! शिवाय काच नि दगड वेगळेच. शोकेसची फळी किंवा सासूबाईंचं शिसवी तिपाई हा भार पेलणार नाही. भिंतीलगत सपाट जमिनीवर भक्कम लोखंडी घोडा ठेवा आणि त्यावर टाकी.

आता उन्हाचं बघू. कासवाला पाण्याइतकीच कोरडी, ऊबदार जागा लागते. बाहेर चढून, पाय पसरून ते शेकत बसतं. त्याशिवाय अन्न पचत नाही, कवच घट्ट होत नाही. पुष्कळजणी म्हणतात, ‘खिडकीत ठेवलंय की, भरपूर ऊन येतं.’ पण उन्हातले जे अतिनील किरण त्याला हवेत, तेच तावदानाच्या काचेत अडतात. उष्णता तेवढी आत येते. पश्चिमेच्या खिडकीत वैशाखातल्या दुपारी टाकीतलं पाणी इतकं तापतं, की बिचारं कासव पळणार तरी कुठं? म्हणून टाकी खिडकीपासून दूर, आणि वर अतिनील किरणांचा खास दिवा. मध्ये काच किंवा प्लॅस्टिकचं झाकण नको, जाळी चालेल. दिवा पेटलेला दिसला तरी वर्षभरात त्याचे किरण मंदावतात, तेव्हा तो बदलायचा.

गॅलरी? पुण्याच्या पौषातली रात्र नि नागपूरचा मे महिना, दोन्ही त्याला सोसत नाहीत. पाणी २४ ते २७ अंश असावं. गारठलं तर ते खाणं सोडतं. नाकातून बुडबुडे येऊ लागले किंवा एका कुशीवर कलंडून पोहू लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, पशुवैद्यांकडे न्या. शिवाय गॅलरीत कावळे-मांजरी असतातच.

स्वयंपाकघर मात्र साफ वर्ज्य. कासव धडधाकट दिसलं तरी त्याच्या अंगावर नि पाण्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. टाकीचं पाणी भांडी घासायच्या मोरीत ओतू नका. संडास-न्हाणीघराजवळची जागा उत्तम, बादल्या वाहायचा त्रासही वाचतो. हात लावला की साबणाने धुवायचे, ही शिस्त मुलांना पहिल्या दिवसापासून लावा. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई किंवा अगदी थकलेलं माणूस असेल तर कासव आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, उत्तरेलाच ठेवा, लाभ होतो. ते धातूच्या कासवाचं बोला. जिवंत कासवाला प्लग नि मोरी जवळ हवी! प्लग टाकीच्या पाण्यापेक्षा उंच असावा, वायर खाली लोंबून मग वर जावी, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

रानातलं किंवा तळ्यातलं देशी कासव, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं तर मुळीच, आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि एवढी जागा आपल्या दोन खोल्यांत नाहीच, असं ध्यानात आलं तर? तळ्यात किंवा देवळाच्या पुष्करिणीत सोडायला जाऊ नका. हे परदेशी कासव तिथल्या देशी कासवांचा घास आणि उन्हाची जागा बळकावतं. दुकानदाराला परत घ्यायला लावा, नाहीतर पशुवैद्यांना विचारून मोठा हौद असलेलं घर शोधा.