पायथन पाळताय? आधी पेपर्स दाखवा!

कुत्रा? तो तर शेजारच्यांकडेही आहे. मांजर? नको बाबा, सोफ्याची वाट लागते. मासे? आठवड्यात कंटाळा येतो. मग काहीतरी हटके हवं म्हणून कोणी इग्वानाच्या प्रेमात पडतं, तर कोणी बॉल पायथनच्या. बॉल पायथन म्हणजे आफ्रिकेतला एक लाजाळू अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो, म्हणून हे नाव. विषारी नाही, भुंकत नाही, केस गळत नाहीत आणि जेवण आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा. अंबड-सातपूरला शिफ्ट करणाऱ्याला किंवा रात्री नऊला लॅपटॉप मिटणाऱ्याला यापेक्षा सोयीचा पेट कुठला मिळणार?

इथपर्यंत सगळं झक्कास. खरी गंमत पुढे आहे. विकणारा हमखास एक डायलॉग मारतो, "साहेब, हे फॉरेनचं जनावर. आपला वन्यजीव कायदा याला लागूच होत नाही. पाहिजे तर पक्कं बिल देतो!"

हा डायलॉग एकेकाळी बऱ्यापैकी खरा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्यांमध्ये आपल्याकडचे प्राणी होते. परदेशी प्राण्याला विमानतळावर कस्टम्स आणि आयातीचे नियम आडवे यायचे, पण एकदा का तो तुमच्या हॉलमधल्या काचेच्या पेटीत पोचला, की वनखात्याच्या हातात फारसं काही उरायचं नाही. सगळा धंदा या फटीतूनच वाढला. २०२० च्या जूनमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लोकांना एक संधी दिली. घरात परदेशी प्राणी असेल तर ठरलेल्या मुदतीत स्वतःहून जाहीर करा, कागदपत्रं विचारणार नाही. पुढे २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. आता कायद्याला एक चौथी अनुसूची आहे आणि तिच्यात आहेत 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी. भारत या करारात १९७६ पासून आहे, पण घरगुती कायद्यात तो नीट उतरायला सेहेचाळीस वर्षं लागली. असो. बॉल पायथन, हिरवा इग्वाना, आफ्रिकेतलं सल्काटा कासव हे सगळे या यादीत आहेत. त्यामुळे दुकानदाराच्या डायलॉगची एक्स्पायरी डेट केव्हाच उलटून गेली!

देशी असेल तर विषयच संपला

अनेकांना वाटतं, परदेशी प्राण्यासाठी एवढी कटकट असेल तर आपला देशीच बरा. इथे नेमकं उलटं आहे. स्टार कासव, घोरपड, आपला अजगर यांच्यासाठी हौसेखातर पाळायचं परमिट नावाची गोष्टच नाही. अर्ज नाही, फी नाही, वशिलाही नाही. हे तिन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत आणि शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. वर दंड. 'वास्तूसाठी शुभ' म्हणून कोणी स्टार कासव गिफ्ट करायला निघालं तर त्याला हा आकडा जरूर सांगा. सिंहगडाच्या गोष्टीतली घोरपड गोष्टीतच छान दिसते. आणि जाता जाता, आजीच्या पिंजऱ्यातला मिठूसुद्धा याच कायद्याखाली बेकायदा आहे. पण तो विषय काढला तर घराघरात भांडणं लागतील.

परिवेशवर नाव नोंदवा

तर परदेशी प्राण्याचं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नोंदणीचे नियम काढले. चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने 'परिवेश २.०' या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. अर्ज जातो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे आपल्या बाबतीत नागपूरला. जुन्या मालकांना सहा महिने दिले होते, ती मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. आता नियम असा, की प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, मेला, प्रत्येक गोष्ट कळवायची. आणि पिल्लं विकून लोनचा हप्ता भरू, असा विचार डोक्यात असेल तर ब्रीडिंगचे नियमही आधी बघा.

ऐकायला गाडीच्या आरसी बुकासारखं वाटतं ना? फरक इथेच आहे. आरटीओ गाडीची नोंद करताना ती शोरूममधून आली की नाही ते बघतं. इथेही तसंच, फक्त शोरूम सापडणं महाकठीण. प्राणी कुठलाही कायदा मोडून मिळवलेला नाही, याची खात्री पटली तरच अधिकारी सर्टिफिकेट देतो. म्हणजे तुमच्याआधी तो ज्याच्याकडे होता त्याची नोंद हवी, त्याच्याही आधीच्याची हवी, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला रीतसर आयात हवी. त्या आयातीला परकीय व्यापार महासंचालनालयाचं लायसन्स, मुख्य वन्यजीव रक्षकांची ना हरकत, सायटिसचे कागद, शिवाय क्वारंटाइन. 'पक्कं बिल' यातलं काहीच सिद्ध करत नाही. ते एवढंच सांगतं, की पैसे तुम्ही दिले! नोंदणी नसेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणून माझं सरळ मत आहे. 'आधी घेऊन टाकू, कागद नंतर बघू' हा फंडा फ्लॅटच्या बाबतीतही महागात पडतो. इथे तर तो चालतच नाही. विकणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याचं परिवेशवरचं सर्टिफिकेट आणि प्राण्याचं शास्त्रीय नाव मागा. नाव सायटिसच्या यादीत आहे का ते इंटरनेटवर फुकटात बघता येतं. तो 'उद्या व्हॉट्सअॅप करतो' म्हणाला, की समजून जा.

यादीत नसलेलेही प्राणी आहेत. उदाहरणार्थ अमेरिकेतला कॉर्न स्नेक. त्याला चौथ्या अनुसूचीची नोंदणी लागत नाही. पण आयातीचे नियम त्यालाही आहेतच.

बिस्किटांच्या पुड्यातला अजगर

एवढे सगळे कागद असलेले प्राणी बाजारात किती, हा प्रश्न स्वतःला विचारा. मग मुंबई विमानतळावरच्या बातम्या आठवा. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पाकिटांमध्ये ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक निघाले. जून २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या दुसऱ्या एकाच्या सामानात ४७ विषारी व्हायपर आणि ५ कासवं. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये सहारच्या एअर कार्गोमध्ये एक पार्सल पकडलं. कागदावर लिहिलं होतं, शोभेचे मासे. आत अजगर, सरडे, कासवं, इग्वाना धरून ६६५ प्राणी. त्यातले ११७ मेलेले होते.

हा शेवटचा आकडा जरा थांबून वाचा. सातातलं एकापेक्षा जास्त जनावर पार्सलमध्येच गेलं. मुंबई नाशिकपासून चार तासांवर. 'ऑफर प्राइस'मध्ये मिळणारा पायथन कुठल्या रस्त्याने आला असेल, याचा अंदाज करायला डिटेक्टिव्ह लागत नाही.

पंचवीस वर्षांचा ईएमआय

समजा, तुमचे कागद एकदम चोख आहेत. तरी हिशोब करा. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. होम लोन त्याआधी फिटेल! इग्वाना पाच-सहा फुटांचा होतो. तळहातावर मावणारं सल्काटाचं पिल्लू मोठं होऊन चाळीस-पन्नास किलोंवर जातं आणि तुमच्या नातवंडांपर्यंत टिकतं. आपल्यापैकी किती जण तीन वर्षं एका कंपनीत टिकतात? पुणे, बेंगळुरू, मग ऑनसाइट. प्राणी बॅगेत टाकून नेता येत नाही आणि मित्राकडे ठेवून जायचं तर त्याच्या नावावर नोंद आली.

शिवाय आपला नाशिकचा हिवाळा. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो, द्राक्षबागायतदार काळजीने. पायथनला लागतात साधारण सत्तावीस ते बत्तीस अंश, रात्रंदिवस. म्हणजे हीटर, थर्मोस्टॅट आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर. डॉक्टरही आधीच शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांचे व्हेट गल्लोगल्ली असले तरी सापाच्या न्यूमोनियाला हात लावणारे मोजकेच. म्हसरूळला वनखात्याचं उपचार केंद्र आहे, पण ते रानातल्या जखमी प्राण्यांसाठी. तुमच्या इग्वानाचा फॅमिली डॉक्टर तिथे शोधू नका.

आणि घरात आधीच काही असेल तर? सगळ्यात जास्त घरांत असतं ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं छोटं कासव, रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. घेताना नाण्याएवढं, काही वर्षांत जेवणाच्या ताटाएवढं. मग टँक पुरत नाही, वास येतो आणि एखाद्या रविवारी 'मुक्त करू या' म्हणून मंडळी त्याला गोदावरीत सोडायला निघतात. हे मात्र अजिबात करू नका. हे कासव स्थानिक कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतं. युरोपने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. केरळात २०१८ मध्ये ते त्रिशूरला उघड्यावर सापडलं, तेव्हापासून तिथली वन संशोधन संस्था लोकांकडून ही कासवं गोळा करत आली आहे. सांभाळणं शक्य असेल तर मोठा टँक घ्या आणि सांभाळा. नसेल, किंवा घरातला प्राणी चौथ्या अनुसूचीतला असून नोंदणी राहून गेली असेल, तर एखाद्या वकिलाशी बोलून घ्या आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन लावा. सोसायटीच्या वॉचमनने लावायच्या आत.