गॅस कटर लावण्याआधी आस पाहा

भंगाराचा धंदा करणाऱ्या आपल्या बंधूंना आज एक साधा प्रश्न विचारायचा आहे. गेल्या वर्षभरात आपल्या वखारीत किती मोडक्या टायरगाड्या आणि जुन्या ट्रॉल्या आल्या, आणि त्यांच्याखालचे आस आपण कसे विकले? उत्तर बहुधा एकच येईल. गॅस कटरने तुकडे केले, काट्यावर टाकले आणि ट्रक भरून पाठवले. कोल्हापूरला फौंड्र्यांची वाण नाही. लोखंडाला रोज गिऱ्हाईक मिळते, म्हणून माल निरखून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. या घाईत पाऊणशे-ऐंशी वर्षांपूर्वीच्या मोटारींचे हब, आस आणि चाकेही कापली जातात. जुन्या मोटारी दुरुस्त करणारे शौकीन हे भाग शोधत मुंबईच्या चोरबाजारापर्यंत हिंडत असतात.

मोटारीचा भाग बैलगाडीखाली गेला कसा, हे आधी समजून घेतले पाहिजे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीही त्याच सुमारास मुंबईत आली. संस्थानिक, वकील, डॉक्टर, सर्व्हिस मोटारवाले यांनी फोर्ड आणि शेवरोले पुष्कळ घेतल्या. १९४५ नंतर लष्कराचा डिस्पोजलचा माल निघाला, त्यात जीप आणि ट्रक आले. पुढे आयातीवर बंधने आली, सुटे भाग मिळेनासे झाले आणि मोटारी जागेवर बसल्या. मोटार बसली तरी तिचा आस बसत नाही. त्यात रोलर बेअरिंग असते, ग्रीस भरता येते आणि हवेचा टायर बसतो. लाकडी तुंबा आणि लोखंडी धाव असलेल्या चाकापेक्षा असे चाक बैलाला कितीतरी हलके जाते. गावच्या सुताराने आणि लोहाराने मिळून मोटारीचा आस साट्याखाली बसवला आणि टायरगाडी तयार झाली. ही अक्कल फक्त आपल्याकडचीच नव्हे. १९३० नंतरच्या मंदीत कॅनडातील शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी मोटारीचे इंजिन काढून तिला घोडे जुंपले आणि त्या वेळचे पंतप्रधान बेनेट यांचेच नाव त्या गाडीला दिले!

दर दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते आणि ती पाहायला लोटालोट होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०६ साली उभे राहिलेले आपले मुस्लिम बोर्डिंगही याच चौकात आहे, तेव्हा हा देखावा आपल्या वाचकांना नवा नाही. राजवाड्याची मोटार राहिली, कारण ती सांभाळणारे लोक होते. साध्या फोर्ड-शेवरोलेला कोणी वाली नव्हता. त्यांचे जे काही उरले, ते उसाच्या गाडीखाली उरले. ऊसवाहतुकीत ट्रॅक्टर वाढत गेले तसा हा माल भंगारात येऊ लागला आहे, आणि एकदा कापला की तो पुन्हा निघणार नाही.

आता ओळखायचे कसे? इथेच आपले बरेच बंधू दोन्ही बाजूंनी फसतात. काही जण चांगला माल भंगारात घालतात, तर काही जण भंगारालाच जुनी मोटार म्हणतात. सगळ्यात मोठा घोटाळा चाकाच्या मापाचा आहे. टायर कंपन्यांनी बैलगाडीसाठी खास टायर काढले. त्यांची मापे ६.००-१९, ७.००-१९ आणि ८.००-१९ अशी आहेत. म्हणजे रिम १९ इंची. योगायोगाने फोर्डच्या मॉडेल-ए मोटारीचे १९३० आणि १९३१ सालचे चाकही १९ इंचीच होते. त्यामुळे १९ इंची रिम दिसली की 'फोर्डची आहे' म्हणून भाव सांगणारे भेटतात. बैलगाडीची रिम जाड पत्र्याची व रुंद असते. मॉडेल-एच्या चाकाला मात्र तारेचे आरे असतात, आणि ते आरे रिमला वेल्ड केलेले असतात. सायकलसारखे निपलने ताणलेले आरे दिसले, तर चाक दुसऱ्या कोणत्या तरी मोटारीचे समजावे, बहुधा विलायती.

फोर्डच्या चाकांची मापे लक्षात ठेवायला सोपी आहेत. १९२८-२९ चे २१ इंची, १९३०-३१ चे १९, १९३२ चे १८, १९३३-३४ चे १७ आणि १९३५ पासून १६. यातले १६ इंची चाक आपल्याकडे जास्त टिकले, कारण जीपचा ६.००-१६ टायर त्यावर चढतो. २१ इंचीला टायर मिळेना, म्हणून ती चाके आधी मोडीत गेली. आज कुठे २१ इंची तारेचे चाक दिसले, तर ते मोडके असले तरी बाजूला ठेवा.

दुसरा घोटाळा हबचा. जुन्या फोर्डच्या हबला पाच बोल्ट असतात आणि बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच असतो. जीपचेही माप अगदी तेच! म्हणून पाच बोल्ट मोजून फोर्ड म्हणू नये. ड्रमचा आकार पाहावा, पुढच्या आसाचा घाट पाहावा आणि सर्वांत आधी अक्षरे पाहावीत. मातीचा आणि ग्रीसचा थर काढल्याशिवाय अक्षरे दिसत नाहीत. घासण्यासाठी तारेचा ब्रश हातानेच चालवावा, ग्राइंडर लावू नये. फोर्डच्या भागांवर कंपनीचे वळणदार नाव असते. शेवरोलेच्या ओतीव भागांवर महिन्याचे अक्षर, तारीख आणि सालाचा शेवटचा आकडा ओतलेला सापडतो. टिमकेनचे बेअरिंग असेल तर त्यावरचा नंबर उतरवून घ्यावा. मागच्या आसाचा फुगीर डबा रिकामा समजून कापू नये. गाडीवानाला क्राऊन-पिनियनचा उपयोग नसतो, पण ते काढण्याची मेहनतही तो घेत नाही, म्हणून कधी कधी ते आतच पडून असते.

खोलताना एक गोष्ट विसरू नये. डॉज, प्लायमाऊथ, फार्गो आणि जीप यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. जोर लावून सुलटे फिरवले की बोल्ट तुटतो आणि मग दोष गंजाला दिला जातो. विलायती मोटारींचे आटे व्हिटवर्थ जातीचे, अमेरिकनांचे वेगळे. आपल्या मेट्रिक पान्याने दोन्ही नटांची डोकी गोल होतात. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय रिमला हात लावू नये. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. वेल्डिंग केलेला आस सोडवायचा असेल, तर साट्याकडची पट्टी कापावी, आस कापू नये. गॅसची आच बेअरिंगच्या जागेला लागली की तो भाग संपला.

गंज काढण्याची एक रीत परदेशात जुन्या मोटारीवाले वापरतात. कोल्हापूरकरांना ती फुकटात सुचायला हवी होती. एक भाग काकवी आणि नऊ-दहा भाग पाणी अशा द्रावणात लोखंडी भाग एक ते तीन आठवडे बुडवून ठेवतात. गंज सुटतो आणि खालचे चांगले लोखंड फारसे खात नाही. गुऱ्हाळावरची बिघडलेली काकवी याला चालते. साखर कारखान्याच्या मळीच्या मागे लागू नका, तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण आहे. मात्र अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा भाग यात कधीही टाकू नये, तो विरघळतो. बाहेर काढल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच वाळवावे आणि तेल लावावे, नाही तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. वास येतो, हे सांगून ठेवतो. शेजाऱ्यांचा विचार करूनच टाकी कोठे ठेवायची ते ठरवा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. समजा भाग अस्सल आहे, अक्षरे स्वच्छ आहेत. तो रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला बसवण्याजोगा आहे का? मॉडेल-ए मोटारीचे वजन सुमारे टनभर. तिच्याच आसावर आपल्या गाडीवानांनी वर्षानुवर्षे दोन-अडीच टन ऊस ओढला, तोही ओढ्या-नाल्यांतून. असा आस वरून सरळ दिसला तरी आतून थकलेला असू शकतो. आपले जुने फिटर रॉकेल आणि खडूने तडा शोधत. भाग स्वच्छ करून रॉकेलमध्ये भिजवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडू फासायचा. तडा असेल तर त्यातले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. आज फौंड्रीच्या तपासणी खात्यात लाल रंगाची डाय लावून हेच काम अधिक खात्रीने होते. उद्यमनगरात किंवा शिरोलीत ओळख असेल तर ते अवघड नाही. तडा निघाला की भाग शोभेचा, वापराचा नव्हे. वेल्डने तडा बुजवून रंग मारून विकणे म्हणजे कोणाच्या तरी मुलाबाळांच्या जिवाशी खेळणे आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा शोधणाऱ्या आणि ओला माल वर का ठेवला नाही असे विचारणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपण मशिदीत अनेकदा ऐकतो. भंगाराच्या ढिगाला तो लागू नाही, असे कोणी म्हणू नये. मालाचा ऐब पावतीवर लिहावा. 'शोभेसाठी', 'तपासलेला नाही', 'नवीन ओतलेला' हे शब्द स्पष्ट असावेत. नवीन ओतीव भाग करून विकण्यास आमची हरकत नाही. उलट कोल्हापूरच्या पॅटर्नवाल्यांसाठी तो चांगला धंदा आहे. फक्त त्यावर जुने साल ओतू नये.

विकणाऱ्याच्या बाजूचा प्रश्न याहून अवघड आहे. शेतकऱ्याला आपल्या गाडीखाली काय आहे हे ठाऊक नसते. तो किलोचा भाव मागतो, आणि आपल्याला ठाऊक असते की माल त्याच्या कैक पटीचा आहे. भाव त्यानेच सांगितला, मग दोष कसला, असे काही बंधू आम्हाला विचारतात. पण बाजारभाव माहीत नसलेल्या काफिल्याला वेशीबाहेर गाठून माल घेण्याची मनाई का केली गेली, याचा त्यांनी विचार करावा. खेड्यापाड्यांत फिरून माल घेणारा आज त्याच जागी उभा आहे. आमचे मत असे, की 'हा मोटारीचा भाग आहे, भंगारापेक्षा जास्त जाईल' एवढे तरी सांगावे आणि त्याप्रमाणे जास्त द्यावे. शोधणे, खोलणे, साफ करणे, गिऱ्हाईक मिळेपर्यंत वर्षभर पैसा अडकवणे याचा नफा आपला हक्काचाच आहे. 'आता ने, विकल्यावर भाव ठरवू' असा व्यवहार मात्र करू नये, किंमत न ठरवता केलेल्या विक्रीतून भांडणे होतात. त्यापेक्षा माल शेतकऱ्याचाच ठेवावा आणि आपण ठरलेल्या दलालीवर विकून द्यावा. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. विकणाऱ्याची सही आणि गाडीचा फोटो ठेवा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हाच आहे. ट्रॉलीच्या सांगाड्यात जुन्या मोटारीची चासी वापरलेली असेल आणि तिच्यावर नंबर असेल, तर तो घासू नये आणि नवा ठोकू नये. नोंदणीकृत व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतल्यास १० ऑक्टोबर २०२४ पासून त्यावरचा जीएसटी घेणाऱ्यानेच भरायचा आहे. मोटारीचा भाग म्हणून घेतलेला माल आणि भंगार म्हणून घेतलेला माल यांच्या नोंदी वेगळ्या कशा ठेवायच्या, हे कर सल्लागाराकडून समजून घ्यावे. जुन्या मोटारी व त्यांचे भाग परदेशी पाठवण्यावर सरकारी निर्बंध आहेत. बाहेरचा गिऱ्हाईक कितीही भाव देवो, परवान्याची चौकशी केल्याशिवाय पार्सल करू नये.

गिऱ्हाईक आता देशातही आहे. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत बदल करून पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या खासगी मोटारी आणि दुचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. अशी मोटार मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. म्हणून मालक जीपचा हब चढवून भागवत नाही, त्याला त्याच सालचा हब हवा असतो.

धंद्यात उतरायचे असेल तर वर्षभर वखारीत बसून चालणार नाही. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की गाडीवान मोकळे होतात आणि पावसाळ्यापर्यंत गाड्यांची दुरुस्ती निघते. जुना आस बदलून नवा घालायचा तो याच दिवसांत. शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर या तालुक्यांतले लोहार आणि वेल्डर यांना तेव्हाच भेटावे. त्यांच्या दुकानामागे टेकून ठेवलेले आस पाहावेत आणि सोबत तारेचा ब्रश, इंची टेप आणि रॉकेलची बाटली न्यावी.