पाणंदीतली सायकल

माउंटन बायकिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भूमध्य समुद्रातलं एखादं बेट येतं. सार्डिनिया म्हणा, मायोर्का म्हणा. खाली निळाशार समुद्र, कडेला द्राक्षाचे मळे, दगडी बांध आणि त्यांच्यामधून उड्या मारत जाणारी चाळीस-पन्नास हजारांची सायकल. मग आपण म्हणतो, "आपल्याकडे कुठलं आलंय हे!" आणि ताट घेऊन मेसच्या रांगेत उभे राहतो.

पण जरा थांबा. द्राक्षमळे? 'तास-ए-गणेश' या द्राक्षाच्या जातीच्या नावातच तासगाव आहे. दगडी बांध? सावळज, मणेराजुरीच्या बाजूला पाहिजे तेवढे. उघडे माळ, ओघळी, खडकाळ चढ? तेही आहेत. नाही तो फक्त समुद्र. गेल्या वर्षभरात आम्ही हॉस्टेलची चार-पाच मुलं साध्या सायकली घेऊन या भागात जेवढं फिरलो, पडलो आणि शिकलो, ते इथे लिहितोय.

साध्या सायकलीवर जमतं का?

हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर इतिहासात आहे. माउंटन बायकिंग सुरू झालं तेच मुळी जुन्या-पुराण्या सायकलींवर! अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन भागात जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली वगैरे पोरं १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या जड सायकली डोंगरावर ढकलत न्यायची आणि मातीच्या रस्त्यावरून सुसाट खाली यायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे सव्वातीन किलोमीटरचा रस्ता आणि उतार जवळजवळ ४०० मीटरचा. त्या सायकलींना मागच्या हबमध्ये ब्रेक असायचा. खाली येईपर्यंत तो इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक वेळी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नाव पडलं 'रिपॅक'. पुढे वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बायकिंगचा समावेश झाला. आपल्या देशातही केरळमधल्या पोनमुडीला ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई स्पर्धा झाल्या.

म्हणजे सुरुवात साध्या सायकलीवर होऊ शकते. फक्त तिच्या मर्यादा कुठे आहेत ते कळलं पाहिजे. आणि त्या कळायला आपलं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स पुरेसं आहे.

चढ आणि दाते

माझ्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८. म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक २.४४ वेळा फिरतं. २६ इंची चाकाचा परीघ साधारण २.०७ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५ मीटर पुढे जाते. डांबरी रस्त्यावर हे छान.

आता १० टक्क्यांचा चढ घ्या, म्हणजे १०० मीटर गेल्यावर १० मीटर उंची. मी आणि सायकल मिळून ८० किलो. नुसतं गुरुत्वाकर्षण मला सुमारे ७८ न्यूटननं मागे ओढतं. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर धरून हिशेब केला, तर पायडलवर पूर्ण फेऱ्यात सरासरी ३७० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३८ किलोचा जोर सतत हवा. पायडल अगदी वर आणि अगदी खाली असताना जोर लागत नाही, तेव्हा मध्ये तो याहून कितीतरी जास्त द्यावा लागतो. पन्नास मीटरमध्ये दम संपतो!

गिअरच्या सायकलीला पुढे २२ आणि मागे ३४ दाते लावता येतात. तिथे एका फेऱ्यात सायकल फक्त १.३४ मीटर जाते आणि तोच जोर १० किलोवर येतो. वेग अर्थातच पडतो, मिनिटाला ६० फेरे मारले तरी ताशी ५ किलोमीटरच्या आतच. म्हणजे चालण्याइतकाच. फुकट काही मिळत नाही. म्हणून साध्या सायकलवाल्यानं खड्या चढाला खाली उतरून सायकल ढकलावी. त्यात लाज कसली? रिपॅकवाले पण ढकलतच होते.

हवा किती मारायची?

आपल्याकडे पंक्चरच्या दुकानात टायर दगडासारखा होईपर्यंत हवा मारतात. मुरमावर हे चुकीचं. टायर जमिनीवर जेवढा टेकतो, तो भाग ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब इतका असतो. मागच्या चाकावर ४५ किलो धरले आणि दाब ६० पीएसआय असेल, तर टेकणारा भाग सुमारे ११ चौरस सेंटिमीटर. ३० पीएसआयला तो दुप्पट, २१ च्या आसपास. टायर जास्त टेकला की पकड वाढते आणि बारीक खडे टायरच गिळून टाकतो, हाताला हादरे कमी बसतात. पण फार कमी केलीत, तर दगडावर आपटून ट्यूब रिमला चिमटते आणि एकदम दोन भोकं पडतात. त्यामुळे जाड टायरला मधला दाब बरा, बारीक टायरची हवा कमी करू नये.

खरा शत्रू वेगळाच आहे. बाभळीचा काटा आणि सराटा. एकदा माझं चाक पंक्चर झालं, ट्यूब काढली, पॅच लावला, हवा मारली आणि दहा मिनिटांत पुन्हा फुस्स. काटा टायरमध्येच राहिला होता! तेव्हापासून ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवायचं, हा आमचा नियम.

उतार: इथेच हाडं मोडतात

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबरमध्ये माझा रूममेट माळावरच्या एका उतारावर पडला. वळण आलं, तो घाबरला आणि त्यानं पुढचा ब्रेक करकचून दाबला. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर, तेही सबमिशनच्या तोंडावर. दोन महिने त्याची जर्नल्स मी लिहिली, म्हणून हा भाग मी जरा कळकळीनं लिहितोय.

ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे डांबरावर पुढचाच ब्रेक जास्त काम करतो. पण सुट्या मुरमावर मुळात पकडच कमी. चाक लॉक झालं की ते घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाला दिशा देता येत नाही. मागचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळतो, पुढचं घसरलं तर आपण थेट जमिनीवर. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ भागातच, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून कमी करायचा. वळणात ब्रेक सोडायचे. बूड सीटवरून उचलून मागे न्यायचं, गुडघे आणि कोपरं सैल ठेवायची. साध्या सायकलीचं सस्पेन्शन तेच.

ब्रेक सतत धरूनही ठेवू नये. ८० किलो वजन १०० मीटर खाली आलं की सुमारे ७८ हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. सगळी ब्रेकमध्ये गेली, तर एक किलो ॲल्युमिनियमच्या रिमचं तापमान जवळजवळ ८५ अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वाऱ्यानं बरीच उष्णता जाते, पण रिपॅकचं ग्रीस का जळायचं ते यावरून कळतं. आणि सळईच्या ब्रेकची जुनी सायकल, स्टीलची रिम, वर पाऊस, असं असेल तर उतारावर जाऊच नका. ओल्या स्टीलवर रबर धरत नाही.

वाट कुणाची?

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'पाणंद' हा शब्द मला विसाव्या वर्षी कळला. तोही ओरडा खाऊन! शॉर्टकट म्हणून आम्ही एका द्राक्षबागेच्या बांधावर सायकली घातल्या होत्या. बागेतून एक मामा धावत आले. "आरं पोरांनो, हितनं वाट न्हाई! ताण दिसत न्हाईत व्हय? गळा कापून घेशीला की!"

तेव्हा दिसलं. मांडवाचे खांब ओढून धरणाऱ्या तारा बागेच्या कडेला तिरक्या येऊन जमिनीत पुरलेल्या होत्या. संध्याकाळच्या उजेडात त्या अजिबात दिसत नव्हत्या. शिवाय ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर औषधांच्या फवारण्या चालू असतात, ते नाकात गेलेलं चांगलं नाही. मामांनी पाणी दिलं आणि मग नीट समजावलं. बांध हा शेतकऱ्याचा. पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी गावाची वाट, बैलगाडीची. गावाच्या नकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेनं दाखवलेली असते. या पाणंदींवर अतिक्रमणं होऊन भांडणं कोर्टात जातात. सरकारनं २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी खास योजना काढली, ती उगाच नाही. ज्या वाटेसाठी लोक वर्षानुवर्षं भांडतात, ती आपण रविवारच्या मजेसाठी वापरतो, एवढं भान ठेवलं तरी पुरे.

म्हणून आमचे नियम साधे आहेत. पाणंदीवरून जायचं, बांधावरून नाही. बैलगाडी, ट्रॅक्टर, जनावरं आली की आपण खाली उतरायचं. पावसाळ्यात काळ्या रानात जायचं नाही. काळी माती मडगार्डमध्ये अडकून चाकच फिरत नाही, आणि ओल्या पाणंदीत पडलेल्या चाकोऱ्या वाळल्या की गाडीवाल्यालाच त्रास. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सागरेश्वरला जाणार असाल, तर ते १९८५ सालचं अभयारण्य आहे, शर्यतीचा ट्रॅक नव्हे. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं ते जंगल आहे. तिथले नियम पाळा, आडवाटेला शिरू नका.

रूममेटचं मनगट आता बरं आहे. मागच्या रविवारी तो पुन्हा त्याच उतारावर आला होता. वळणाच्या आधी त्यानं वेग कमी केला, ब्रेक सोडले आणि अलगद खाली उतरला. खाली आल्यावर म्हणाला, "मेकॅनिक्सचा पेपर असा घेतला असता, तर माझी केटी लागली नसती!"

तर मग, येताय का पुढच्या रविवारी? हेल्मेट, पंप, पॅचचं सामान आणि दोन लिटर पाणी आणा. आणि वाटेत मामा भेटले, तर आधी रामराम घाला.