आधी नमुना, मग मात्रा

ज्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात माझी उमेदीची वर्षे गेली, तेथील कल्चरचा, म्हणजे नमुन्यातील जीवाणू वाढवून ओळखण्याचा, विभाग गेल्या महिन्यात व्यवस्थापनाच्या हुकुमाने बरखास्त झाला आणि अतिदक्षता विभागातील रुग्णांचे रक्त व कफ यापुढे परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे रवाना करण्याची तजवीज झाली. यात खर्च वाचतो, हे मी नाकारत नाही. परंतु विषाणूने जर्जर केलेल्या फुप्फुसात जीवाणू शिरले म्हणजे किती थोड्या तासांत काय घडते, याची चौकशी निर्णय घेणाऱ्यांनी केली असती, तर हा हुकूम निघाला नसता असे मला प्रामाणिकपणे वाटते.

विषयाचा पूर्वेतिहास ग्रंथांत आहे. तो दोन वाक्यांत आटोपतो. १८९२ साली फायफर यांनी इन्फ्लुएंझाच्या रुग्णांच्या कफात सापडलेल्या जीवाणूलाच त्या रोगाचे मूळ मानले, १९३३ मध्ये खरा विषाणू हाती लागून तो समज मोडला, आणि जीवाणूचा विचारही त्याबरोबर मागे पडला. १९१८ च्या महामारीतील बहुसंख्य मृत्यू विषाणूपाठोपाठ आलेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने झाले असावेत, हे जतन करून ठेवलेल्या फुप्फुसांच्या तुकड्यांवरून २००८ मध्ये पुन्हा ठासून सांगावे लागले.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००९ मध्ये, स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी आमच्या पुण्यात गेला. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे घशाचा स्वॅब देणाऱ्यांच्या रांगा लागल्या, आणि जो तो एकच प्रश्न विचारू लागला : ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?’ त्या गदारोळात व्हेंटिलेटरवरच्या एखाद्या तरुण रुग्णाचा ताप उतरून, घरच्यांना धीर येऊन, पाचव्या-सहाव्या दिवशी तो पुन्हा चढे, श्वासनलिकेतील नळीतून घट्ट पिवळा स्राव येऊ लागे, आणि तरीही सर्वांचे लक्ष टॅमिफ्लूच्या मात्रेवर खिळलेले असे. विषाणूने श्वासमार्गाचे अस्तर सोलून काढलेले असते, कफ वर लोटणारे सूक्ष्म केस नाहीसे झालेले असतात, आणि नाका-घशात एरवी निरुपद्रवीपणे नांदणाऱ्या न्यूमोकोकसला व स्टॅफिलोकोकसला खाली उतरण्यास वाट मोकळी झालेली असते. त्या वर्षी अमेरिकेत फुप्फुसे तपासलेल्या ७७ मृतांपैकी २२ जणांत जीवाणू आढळले, हे सप्टेंबरात छापून आले, तेव्हा आमच्या टेबलावर आम्ही जे पाहत होतो त्याला आधार मिळाला.

काय पाहत होतो? ग्रॅमच्या पद्धतीने रंगवलेल्या काचेवर पूयपेशींच्या दाटीत जांभळ्या गोलकांचे, म्हणजे स्टॅफिलोकोकसचे, घोस दिसत, की लेखी अहवालाची वाट न पाहता आम्ही वॉर्डात फोन करीत असू. दुसऱ्या दिवशी ब्लड अगरवर त्यांच्या सोनेरी वसाहती उगवत, प्रत्येकीभोवती विरघळलेल्या रक्ताचे स्वच्छ कडे. आणि कधी कधी त्या स्टॅफिलोकोकसच्या रेघेला लगटून, अन्यत्र कुठेही नाही, फायफर यांच्या त्याच जीवाणूच्या दवबिंदूएवढ्या वसाहती, कारण त्यांना लागणारे पोषक द्रव्य शेजाऱ्याकडून मिळते. एक जीव दुसऱ्याची वाट कशी सुकर करतो, हे याहून स्पष्ट मी कोठे पाहिले नाही. त्या दशकात असे चिकित्सक होते, जे काच पाहण्यासाठी स्वतः जिना उतरून खाली येत आणि ती पाहून औषध बदलत. ते एकेक करून निवृत्त झाले, आणि तो प्रघातही त्यांच्याबरोबर गेला.

मागे राहिली ती ‘हायर अँटिबायोटिक’ सुरू करण्याची घाई. आमच्या मागणीपत्रावर ‘प्रतिजैविक दिले आहे काय, कोणते, केव्हापासून’ असा रकाना होता. तो कोरा येई. मेरोपेनेमच्या दोन मात्रा देऊन झाल्यावर पाठविलेल्या रक्तात काही उगवत नसे, आणि त्या ‘वाढ नाही’ला संसर्ग नसल्याचा दाखला समजले जाई; उलट नळीत नुसता मुक्कामाला असलेला अ‍ॅसिनेटोबॅक्टर उगवला, की रुग्णाची छाती स्वच्छ असतानाही कॉलिस्टिन सुरू होई. ताकीद देणारी पत्रे आम्ही कितीदा धाडली. ती दफ्तरी दाखल झाली.

याचे फळ कोविडमध्ये दिसले. रुग्णालयात येतेवेळी जीवाणूसंसर्ग असलेले रुग्ण शेकडा ३.५ च्या आसपास, आणि प्रतिजैविके मिळालेले शेकडा ७० हून अधिक, असे २०२० च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात निघाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १० रुग्णालयांतील सुमारे साडेसतरा हजार रुग्णांची पाहणी केली, तीत दुय्यम संसर्ग शेकडा ३.६ जणांतच सापडला. परंतु त्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावले, आणि आढळलेल्या जीवाणूंत क्लेब्सिएला व अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे रुग्णालयातच पोसले जाणारे, औषधांना न जुमानणारे जीवाणू आघाडीवर होते. म्हणजे बहुसंख्यांना नको ते औषध मिळाले, आणि ज्या थोड्यांना नेमके औषध हवे होते त्यांच्यासाठी ते निष्प्रभ झालेले होते. हे थोडे कोणते, ते केवळ कल्चरच सांगू शकते. आणि नमुना प्रवासात रखडला, तर नाजूक न्यूमोकोकस वाटेतच मरतो, चिवट जीवाणू तेवढे पोचतात, आणि अहवाल दिशाभूल करतो.

मी व्यवस्थापनाकडे अर्ज दिला आहे. सारा विभाग परत मागितलेला नाही. एक सूक्ष्मदर्शक, ग्रॅमच्या रंगांच्या चार बाटल्या, रक्ताच्या बाटल्यांसाठी जागेवर एक इन्क्युबेटर आणि रात्रपाळीला एक जाणता तंत्रज्ञ एवढे रुग्णालयात राहू द्यावे, आणि पहिल्या मात्रेपूर्वी घेतलेल्या नमुन्याची वेळ केसपेपरवर लिहिण्याची सक्ती करावी, इतकेच त्यात आहे. पावसाळा तोंडावर आहे, फ्लूचे रुग्ण दाखल होऊ लागतील, आणि अर्जावर अद्याप शेरा पडलेला नाही.