औषध मोजायचं, पण कशात?

रक्त गोठू दिलं की वेगळा होतो तो सीरम. गोठणं रोखून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की मिळतो प्लाझ्मा. औषध शरीरात किती काळ टिकतं हे पाहताना बहुधा प्लाझ्माच घेतात, आणि ते योग्यच आहे. सीरमसाठी साधारण ३० मिनिटं थांबावं लागतं. ॲस्पिरिनसारखं औषध तेवढ्यात रक्तातल्या एन्झाइममुळे बरंचसं मोडून जातं. म्हणून त्याची नळी बर्फात ठेवतात, एन्झाइम रोखायला फ्लोराइड वापरतात, लगेच फिरवतात.

लिथियम या औषधाचं मात्र वेगळं. प्लाझ्मासाठीच्या काही नळ्यांत गोठणं रोखायला लिथियम हेपारिनच असतं! अशा नळीतला अहवाल खोटाच चढा येतो आणि रुग्णाचा आवश्यक डोस विनाकारण कमी होऊ शकतो. इथे सीरम बरा.