अंगठ्याची उडी

पडद्यावरचा आपला माणूस वर उडवायचा, तर हात वर गेला पाहिजे. ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. डोंबिवली स्टेशनजवळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टोकन टाकून 'स्ट्रीट फायटर टू' खेळताना डाव्या हाताने ती आपणहून उचलली. दांडा वर ढकलला की माणूस उडतो, खाली ओढला की बसतो. त्यात समजून घेण्यासारखं होतंच काय? पुढची तीस वर्षं मी त्याचा विचार केला नाही. आणि आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर माझी सतरा वर्षांची मुलगी मला सांगत होती, "बाबा, उडी खाली आहे. अंगठ्याखाली."

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात माझ्या डाव्या मनगटाने असहकार पुकारला. हाडांच्या डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि काय काम करता म्हणून विचारलं. "कारकुनी," असं मी अर्धसत्य सांगितलं. उरलेलं अर्धं बायकोने सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. दांड्याचा खेळ बंद, एवढंच त्यांनी लिहून दिलं.

बंद म्हणजे काय, हे त्यांना कसं कळावं? रात्री जेवणं झाली की मुलगी आणि मी तीन डाव खेळतो. बारावीच्या वर्षात ती माझ्याशी जे काही बोलते, ते बहुतेक त्या तीन डावांतच. तेव्हा तिनेच आपला बोर्ड माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः साधा पॅड घेतला.

हा बोर्ड म्हणजे लहानशा पाटाएवढी चपटी पेटी. उजवीकडे ठोशा-लाथांची नेहमीची बटनं. पण डावीकडे दांडा नाही, तिथेही बटनंच. अनामिकेखाली डावी दिशा, मधल्या बोटाखाली 'खाली', तर्जनीखाली उजवी. आणि सगळ्यांच्या खाली, अंगठ्याच्या वाट्याला, एक मोठं बटन : 'वर'.

ज्यांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर टू' आणला, तेव्हापासून त्यातल्या खास डावपेचांची एक बाराखडी ठरून गेली आहे. हातातून अग्निगोळा सोडायचा, तर दांडा खाली, मग तिरपा, मग पुढे, असा पाव वर्तुळ फिरवायचा आणि ठोसा दाबायचा. दांड्यावर हे एका घोटात होतं. तिरपी दिशा वाटेत आपोआप लागते. बटनांवर तिरपी दिशा नाहीच! ती दोन बोटांनी घडवावी लागते. मधलं बोट दाबायचं, ते न सोडता तर्जनी दाबायची, आणि मग मधलं उचलायचं. उचलायला क्षणभर घाई झाली, तर तिरपं पाऊल गळतं आणि अग्निगोळ्याऐवजी निघतो एक केविलवाणा ठोसा. या खेळात सेकंदाचे साठ भाग मोजतात आणि त्यांतले चार-पाच चुकले तरी मार बसतो. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून केविलवाणे ठोसेच फार निघाले.

पण त्रास अग्निगोळ्याचा नव्हता. तो सावकाश, मोजून, बसवता येतो. त्रास घाबरण्याचा होता. समोरचा अंगावर आला की माझा डावा हात बटनांवरून उठायचा आणि हवेत दांडा शोधायचा. डोक्याला सगळं पाठ होतं. विचारलं असतं तर कागदावर आकृती काढून दिली असती. हाताला ते कुणी कळवलंच नव्हतं. "बाबा, परत दांडा शोधतोयस," मुलगी पडद्यावरची नजर न काढता म्हणायची.

आमचे वडील सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते. चाळीसच्या वेगाची परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस. निवृत्तीला काही वर्षं उरली असताना कचेरीत संगणक आले आणि त्याबरोबर इनस्क्रिप्टची नवी मांडणी : स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. जुन्या यंत्रावरचं एकही अक्षर जागेवर नाही असं त्यांचं म्हणणं. घरी मी जुनापुराणा संगणक आणला होता, त्यावर ते रात्री सरावाला बसत. अक्षरं दोन-तीन महिन्यांत सापडू लागली. मात्र ओळ संपत आली की त्यांचा डावा हात उचलला जाई आणि तिथे नसलेला टंकयंत्राचा गाडा उजवीकडे ढकलून देई. आई आणि मी हसायचो. तेही हसत, पण जरा उशिराने. तो उशीर मला आता कळतो.

मनगटाचं निमित्त नसतं, तर मी हा बोर्ड अप्रामाणिक म्हणून बाजूला सारला असता. तसं म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांचं सगळंच चूक नव्हतं. दांडा एका वेळी एकाच बाजूला झुकतो. बटनांवर डावी आणि उजवी एकदम दाबता येते. मग यंत्राने समजायचं काय? त्यातून पळवाटा निघाल्या. जपानच्या दायगो उमेहाराचं नाव या खेळात आपल्याकडे गावसकरांचं घेतात तसं घेतात. तो २०१९ मध्ये असाच बोर्ड घेऊन कॅपकॉमच्या स्पर्धामालिकेत उतरू पाहत होता, तेव्हा तो बोर्ड चालणार नाही असं त्याला सांगण्यात आलं. पुढे २०२३ मध्ये 'स्ट्रीट फायटर सिक्स' आला त्या वर्षी नियमच स्पष्ट झाला : डावी-उजवी एकदम दाबली तर दोन्ही रद्द, माणूस जागच्या जागी उभा. तंटा बराचसा मिटला. आज मोठ्या स्पर्धांमध्ये दांडेवाले, पॅडवाले आणि बटनवाले शेजारी शेजारी बसतात. उलटं उदाहरणही आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतली 'इव्हो' ही स्पर्धा 'लफी' या नावाने खेळणाऱ्या फ्रेंच खेळाडूने जिंकली, ती पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर. म्हणजे वीस वर्षं जुन्या बनावटीवर. त्याला कुणी सांगायला गेलं नसेल की हत्यार बदल.

महिन्याभरात हवेतला दांडा नाहीसा झाला. कधी झाला ते लक्षात आलं नाही. मग नवीनच अडचण उभी राहिली. माझा माणूस पडद्याच्या डाव्या अंगाला असला की मी बरा खेळायचो, उजव्या अंगाला गेलो की हरायचो. कारण बाजू बदलली की 'पुढे' ही दिशाही बदलते, आणि तर्जनीचं सगळं काम अनामिकेवर येऊन पडतं. अनामिका म्हणजे एरवी अंगठी घालायची आणि गंध लावायचं बोट. तिला मधल्या बोटाशिवाय एकटीला हलायला सांगा, नीट हलत नाही. टेबलावर तळवा टेकून, मधलं बोट दुमडून, अनामिका उचलून बघा. दांड्याला कसली आली अनामिका! तिथे सगळा हात एकत्र कुटुंबासारखा हलायचा, कमजोर कोण ते दिसत नसे. मी कचेरीत टेबलाच्या कडेवर अनामिका आपटत बसू लागलो. शेजारच्या बाईंनी, तबला शिकताय का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

गेल्या रविवारी तिसऱ्या डावात मी उजव्या अंगाला कोपऱ्यात सापडलो होतो. तिने वरून झेप घेतली. त्याला उत्तर एकच, उसळता ठोसा : पुढे, खाली आणि पुन्हा तिरपा. म्हणजे अनामिका, मधलं, पुन्हा अनामिका. विचार करायला वेळच नव्हता. तिचा माणूस हवेतच उलटा होऊन पडला.

तिने खेळ थांबवला आणि माझ्या हाताकडे पाहिलं. "परत दाखव," म्हणाली.

मी दहा वेळा केलं. एकदाही आला नाही.